उशीखालचं मध्ययुग

भाऊराव गेल्याचं मला भाजीवाल्याने सांगितलं. मी म्हटलं, काहीतरीच काय, मंगळवारी तर माझ्याशी भांडले... आणि हातातली पिशवी घेऊन तशीच त्यांच्या घरी गेले. त्याला आता महिना होत आला.

आम्ही दोघं पनवेलच्या एकाच शाळेत इतिहास शिकवायचो. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एका नव्या मराठी कोशाचं काम आलं. मध्ययुगावरच्या लेखांचे गठ्ठे एस्टीने यायचे आणि प्रत्येक लेखाला त्यांनी दोन मार्क द्यायचे, एक दर्जाचा, एक महत्त्वाचा. दर्जा त्यांना चुटकीसरशी कळे. महत्त्वासाठी मात्र त्यांची वेगळीच तऱ्हा. लेख काढून आपल्या खुर्चीतल्या उशीखाली ठेवायचा आणि त्याच काळावरचे बाकीचे लेख वाचायचे. वाचताना अडलं, हा कोण, हे कशामुळे झालं असा प्रश्न पडला, की उशीखालचा लेख महत्त्वाचा. नाही अडलं तर नाही. असं करून त्यांनी एका बड्या सुलतानाला नापास केलं आणि जकातीवरच्या एका रुक्ष लेखाला पहिला नंबर दिला. वहिनी म्हणायच्या, अर्धं मध्ययुग यांच्या बुडाखाली आहे.

मग त्या उशीखाली माझा लेख गेला. मी मूळची आपट्याची. पाताळगंगेतून आमच्या गावापर्यंत येणाऱ्या जुन्या गलबतांवर मी वर्षभर खपून लिहिलं होतं. महत्त्व कमी ठरलं तर लेख वेगळा छापणार नव्हते, दुसऱ्या कुठल्यातरी लेखात दोन ओळी कोंबणार होते. हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

"बाई, दर्जा पहिला दिलाय," ते म्हणाले. "महत्त्व शेवटचं. कुठेच अडलं नाही."

"आपट्याच्या माणसाला अडलं असतं."

"आपट्याच्या माणसाला त्यासाठी कोश लागत नाही."

माझ्या अंगाची आग झाली. कित्येक महिने मी त्यांच्या ओटीवर पाऊल टाकलं नाही. शेवटी तेच एक दिवस करंजा बंदरावरचा सुका जवळा घेऊन आले, वहिनींनी दिलाय म्हणाले, चहा पिऊन गेले. मार्काचं नाव काढलं नाही आणि तो बदललाही नाही. कोशात दोनच ओळी आल्या. मला ते आजही पटलेलं नाही, बरं का. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण भाऊरावांना फुकटचा मार्क खपला नसता.

परवा वहिनींनी बोलावलं. राहिलेला गठ्ठा परत पाठवायचा होता, त्याआधी एकदा चाळून द्या म्हणाल्या. खुर्चीत बसवेना, मी सतरंजीवरच बसले. दुसऱ्या लेखात कुणी एक किल्लेदार आला, आगापिछा काही नाही.

"भाऊराव, हा कुठला हो?" मी सवयीने मोठ्यांदा विचारलं.

विचारलं आणि मलाच भडभडून आलं. वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अडलं ना, बाई?" त्या म्हणाल्या. "मला सकाळच्या चहापासून अडतं."

मग त्यांनी खुर्चीतली उशी उचलली. खाली काही नव्हतं. झटकून त्यांनी ती परत जागेवर ठेवली.