माशाने कोणाचंही संकट घेतलं नव्हतं

शहाडच्या आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत चार फुटी फिशटँक आहे. सोसायटीचा, म्हणजे सगळ्यांचा, म्हणजे त्यात कोणीही काहीही टाकायचं. गप्पी, मॉली, टेट्रा, दोन एंजल, सगळे एकत्र नांदतात. गणपतीच्या आधी लॉबी धुतली जायची, तेव्हा दर वर्षी टँकही रिकामा व्हायचा. मासे बादलीत, खडी आणि फिल्टरचा स्पंज कपड्यांच्या पावडरीने घासून चकाचक, वर थेट नळाचं पाणी. आरतीपर्यंत निम्मे मासे उलटे तरंगायचे. मग माणसं हात जोडायची. "सोसायटीवर काहीतरी येणार होतं, माशांनी अंगावर घेतलं." आणि नवीन मासे यायचे.

मी झूलॉजी घेऊन बीएस्सी केलंय. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. आमच्याकडे कोणी दगावलं की नशीब, नजर, बाहेरचं, एवढ्यावर विषय संपायचा. का मेलं, हे विचारायची सवय मला कॉलेजने लावली. ती मी लॉबीत चपलांसारखी काढून ठेवणार नव्हते.

म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले. "या वर्षी टँक धुवायचा नाही."

सेक्रेटरी काका हसले. "मग काय, पाहुण्यांना डबकं दाखवायचं?"

पाणी हिरवं होतं, खोटं कशाला बोलू? टँकवरची ट्यूब दिवसरात्र चालू असायची, त्याने शेवाळ माजलेलं. त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दर शनिवारी कणकेच्या गोळ्या टाकायच्या, ग्रहांसाठी. मासे खातील तेवढं खायचे, बाकीचं तळाला कुजायचं.

"गणपतीपर्यंत काच आरपार दिसली पाहिजे," काका म्हणाले. "नाहीतर टँक भंगारात. मासे ज्याला हवे त्याने न्यावेत."

"चालेल. पण तोवर हात फक्त माझा."

ट्यूबला टायमर लावला, रात्री अंधार म्हणजे अंधार. पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवायचे, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जायला, आणि एका वेळी थोडंच बदलायचे. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचे. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात, पावडरीने आधी तेच मरतात. हे मी जिना चढणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. "मॅडमचं लेक्चर सुरू झालं," असं पोरं म्हणायची. म्हणू देत.

शनिवारी काकू वाटी घेऊन आल्या. मी टँकसमोर.

"सरक गं जरा."

"काकू, पाणी खराब होतं त्याने."

"मला ज्योतिषांनी सांगितलंय माशांना घालायला. तू काल शिकलीस आणि आज आम्हाला अक्कल शिकवतेस?"

"काल नाही, तीन वर्षं शिकले. पास पण झाले."

काकू तणतणत वर गेल्या. पण मी कामावर असताना गोळ्या पडतच होत्या. एका संध्याकाळी आले तर पाणी दुधासारखं आणि एक एंजल तळाला आडवा. काकू शेजारीच उभ्या, डोळे भरलेले. "माझ्या नातवाचा ताप घेतला गं त्याने."

त्यांचं रडणं खरं होतं. तरी मी काचेवर कागद चिकटवला: 'हा मासा कुजलेल्या कणकेने मेला. कोणाचंही संकट घेऊन नाही.' काकांनी तो फाडला. मी दुसरा लावला. तो फाडल्यावर तिसरा. तिसरा राहिला. गोळ्याही थांबल्या आणि काकूंचं माझ्याशी बोलणंही. त्या अजून बोलत नाहीत.

लॉबी धुवायच्या सकाळी काका पाइप आणि पावडरीचा डबा घेऊन आले, मागे दोन पोरं बादल्या घेऊन. मी टँकला पाठ लावून उभी.

"बाजूला हो."

"आधी बघा."

काका वाकले. टँकच्या पलीकडे भिंतीवर पत्रपेट्या आहेत. त्यांवरचे फ्लॅट नंबर पाण्यातून वाचता येत होते, मध्येच एखादा टेट्रा आडवा जायचा तेवढंच.

"दिसतंय," ते म्हणाले. "छानच झालंय. पण सणाचं आहे, एकदा हात मारून घेऊ, अजून चमकेल."

"ठरलं होतं काका. आरपार दिसलं पाहिजे. दिसतंय. लादी धुवा."

"हट्टी आहेस."

"हो."

त्यांनी पाइप लादीवर सोडला. फेस माझ्या पावलांवरून वाहत गेला, सलवार घोट्यापर्यंत भिजली. पाणी गटारात जाईपर्यंत आणि पावडरीचा डबा मीटर रूममध्ये परत जाईपर्यंत मी हलले नाही.

आरतीला मासे सगळे सुलटे पोहत होते. काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाप्पाची कृपा. या वर्षी सोसायटीवर काही आलंच नाही."

"यायचं ते पावडरीच्या डब्यातून यायचं," मी म्हटलं, तेवढ्याच मोठ्याने. "या वर्षी मी येऊ दिलं नाही."