बावीस फुटांवरचं कडं

मंडळी, रस्त्यात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी ते उचलून घरी आणतो आणि सरबत करून पितो. बायको पीत नाही, मग तिच्या वाटचंही मीच पितो. अशा माणसानं अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात लिहायला बसावं ही नामुष्कीच... पण जे घडलं ते घडलं.

मी हिंगोलीत कॉलेजात गणित शिकवतो. मुलांना कॉम्प्युटरवर आलेख काढायला लावणं हा माझा लाडका तास. आकडे टाईप करायचे, एंटर दाबायचं — बाजूला एक पांढरी खिडकी उघडते आणि वर्तुळ, चौकोन, सांगाल ते तिच्यात उमटतं. ना कमी, ना जास्त. म्हणूनच मला ते आवडतं.

युनूस माझा शाळेपासूनचा दोस्त. विहिरी खोदणं, खोल करणं, आतून बांधून काढणं हे त्याच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं काम. गेल्या उन्हाळ्यात डोंगरकड्याजवळ तो एक विहीर खोल करत होता. वरच्या मुरमाच्या भागाला दगडी बांधकाम करायचं होतं, म्हणून त्यानं आतली मापं घेतली. मधोमध ओळंबा सोडायचा आणि दर दोन फुटांवर आठ दिशांना भिंतीपर्यंत टेप लावायची. त्या कागदाचा फोटो त्यानं मला पाठवला, "सर, हिशोब लावून द्या, दगड किती लागंल."

मी म्हटलं, दगड नंतर, आधी तुला तुझ्या विहिरीचं चित्रच दाखवतो!

रविवारची दुपार होती. मंदा, म्हणजे माझी बायको, शेजारी चिंच फोडत बसलेली. मी आकडे भरले, एंटर दाबलं. वरून डोकावल्यासारखी विहीर उमटली — दर दोन फुटांचं एक कडं, एकात एक. सगळी अंड्यासारखी चपटी. हसलो. या खिडकीला आडवं-उभं प्रमाण सारखं ठेव असं सांगावं लागतं, नाहीतर ती वर्तुळाचं अंडं करते. दरवर्षी निम्मा वर्ग इथंच घसरतो, आज मास्तर घसरले. सुधारलं. कडी गोल झाली.

एक सोडून.

बावीस फुटांचं कडं पूर्वेकडून आत दबलेलं होतं. आकडे पाहिले. आठही दिशांना साडेसहा फूट. म्हणजे गोलच यायला हवं! आकडे पुसून पुन्हा भरले, खिडकी बंद करून पुन्हा उघडली. कडं तसंच... नाही, तसंच नाही. थोडं जास्त आत.

तिसऱ्यांदा काढलं, तेव्हा मंदाचा हात थांबला.

"अहो, हे हलतंय का?"

"हलत नाही. मी नव्यानं काढतोय."

"मग दर वेळी मोठं काहून होऊन राहिलं?"

खिडकीतल्या मापाच्या रेघांवर अंतर मोजलं. साडेसहाच्या जागी पावणेसहा. मी भरलेला आकडा मात्र साडेसहाच! भिंत पडायच्या आधी जसं पोट काढते, हुबेहूब तसा तो आकार होता.

मी युनूसला फोन लावला. तो भीमरावनं उचलला. भीमराव यारीवाला. यारी म्हणजे विहिरीवरची क्रेन. तीच माणसं आत सोडते आणि बाहेर काढते.

"खाली कोण आहे?"

"युनूसभाई अन् त्याहीचा मेव्हणा. ब्रेकर चालू हाय."

"दोघांना वर काढ. पूर्वेची भिंत पोट काढून राहिली, बावीस फुटांवर."

"तुमाला हिंगोलीतून दिसून राहिली व्हय?"

त्याचं चुकलं नव्हतं. महिन्याभरापूर्वीच मी फोन करून सांगितलं होतं की मोठे साहेब विहीर बघायला निघालेत. युनूस वर येऊन, केस ओले करून, भांग पाडून तासभर उन्हात उभा होता. साहेब काही आले नाहीत.

आता एक रीत सांगतो. खडक फोडणाऱ्या ब्रेकरच्या आवाजात वरची हाक खाली पोचत नाही. म्हणून यारीवाल्यानं स्वतःची चप्पल बकेटात टाकून खाली सोडली, की हातातलं काम तसंच टाकून बकेटात बसायचं. का ते वर येऊन विचारायचं. ही चप्पल थट्टेत सोडत नाहीत. ज्यानं विनाकारण सोडली, त्याच्या यारीखाली परत कुणी उतरत नाही. म्हणजे मी भीमरावची रोजीरोटी मागत होतो — मी, गावभर थट्टेखोर म्हणून ओळखला जाणारा!

"चप्पल सोड, भीमराव."

"सर, तुमी हसून राहिले."

"नाही रे बाबा!" माझा आवाज थरथरत होता. फोनवर ते हसण्यासारखंच वाटत असावं.

मंदानं चिंचेच्या चिकट हातांनी फोन ओढून घेतला. "भीमरावदादा, मी बोलते. सोडा चप्पल."

"ताई, तुमी म्हणता?"

"मी म्हणते."

बकेटात चप्पल आपटली. मग यारीची घरघर.

दोघं वर आले आणि युनूसचा भडका उडाला. "सर के कहने पे चप्पल टाकली? भाभी, याला घरात बांधून ठेवा! थांब, मीच मोजून दाखवतो." मी नको नको ओरडतोय, तोवर तो टेप घेऊन पुन्हा बकेटात.

भीमराव फोनवर सांगत होता. "बावीसवर थांबले... ओळंब्यापून टेप लावून राहिले..."

खालून आवाज आला, "बघ, साडेस..." आणि मधेच तुटला. ब्रेकर बंद होता, त्यामुळे पुढचं नीट ऐकू आलं. "पावणेसहा." मग अगदी हळू, "भीमराव, आहिस्ता ओढ."

ती घरघर किती वेळ चालली कुणास ठाऊक. तो काठावर उतरला असेल-नसेल, आणि मुरमाचं पोतं रिकामं करावं तसा आवाज आला. तो संपेचना. यारी पश्चिमेला उभी होती म्हणून वाचली. मी युनूसचं नाव घेऊन ओरडत होतो. खूप वेळानं खोकला ऐकू आला.

"सर... फोन ठेवू नको."

संध्याकाळी तेच आकडे, तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. कडं गोल. कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी तपासलं. गोल. ते दबलेलं चित्र सेव्ह करायचं मला सुचलंच नाही. गणिताचा मास्तर, आणि पुरावा काय, तर चिंच फोडणारी बायको! योगायोग म्हणाल तर आकडा पावणेसहाच कसा?

आता युनूस प्रत्येक विहिरीची मापं घेऊन येतो आणि शेजारी बसतो. पडद्याकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. मी सांगून थकलो — अरे, हे यंत्र दिलेले आकडे काढतं, त्या दिवशी का नाही काढले ते मला माहीत नाही, पुढच्या वेळी सांगेलच असं नाही. तो म्हणतो, "बराबर," आणि भीमरावला फोन करतो की उतरायला हरकत नाही.

परवा एक विहीर पडद्यावर काढली. सगळी कडी गोल आली. दोन माणसं उतरली. ती वर येईपर्यंत मी दर पाच मिनिटांनी तीच कडी पुन्हा पुन्हा काढत बसलो होतो.