माईक बदलायला उस्मानपुऱ्यात

सांगलीहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, सोल्डरिंगची इस्त्री, लॅपटॉप, सेट प्रोग्रॅम करायची केबल आणि साळवे सरांसाठी एक कोरा माईक, एवढं सामान होतं. नवरा म्हणाला, "लोक पाहुण्यांकडं जाताना पेढे नेतात." मी म्हटलं, पेढ्यानं कुणाचा आवाज सुधारत नाही. आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तारा गुंडाळता गुंडाळता मला वायरलेसचा नाद लागला, सरकारी परीक्षा देऊन परवाना काढला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी मी माजघरात सेटपुढं बसते. अकोला, नांदेड, नाशिक असे आम्ही हौशी लोक त्या वेळी हवेत भेटतो. आम्ही त्याला 'कट्टा' म्हणतो.

साळवे सर आमच्या कट्ट्याचे म्होरके. संभाजीनगरचे, निवृत्त गणित शिक्षक. आवाज असा भारदस्त की पावसाळ्यातल्या खरखरीतूनही आकडा न् आकडा कळायचा. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण सख्ख्या भावापेक्षा जास्त बोलले असेन. तर दिवाळीपासून त्यांचा आवाज बिघडला. फाटका, घासल्यासारखा, मध्येच तुटणारा. लगेच आम्ही सगळे वैद्य झालो. कुणी म्हणालं माईकची केबल तपासा, कुणी म्हणालं आवाजाचं बटण कमी ठेवा, आणि मी तर छातीठोकपणे सांगितलं की माईकची आतली चकती गेली. सरांनी माईक बदलला. मग पुन्हा बदलला. फरक शून्य.

शिवाय त्यांचं एक स्वप्न होतं, शहरात स्वतःच्या हातानं रिपीटर उभा करायचा. रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेलं यंत्र. ते हातातल्या छोट्या सेटचा दुबळा आवाज ऐकतं आणि त्याच क्षणी जोरात पुढं पाठवतं. परवानगीचे कागद त्यांनी करून ठेवले होते, जुन्या बाजारातून गाडीत बसवायचे दोन वापरलेले सेटही मिळवले होते. एक ऐकणार, दुसरा बोलणार. पण ते काही केल्या प्रोग्रॅम होईनात. मी म्हटलं, थांबा, मीच येते, माईकचाही निकाल लावते.

बसनं पाठीचा पार भुगा केला. स्टँडवर उतरले, पिशवी खांद्यावर टाकली आणि मागून आवाज आला, "ताई, या, या. जयभीम."

मी जागच्या जागी थिजले. तोच आवाज. कट्ट्यावर येतो तोच फाटका, घासलेला, मध्येच तुटणारा. आणि मधे सेट नाही, माईक नाही, वायरचा तुकडा नाही. समोर पांढऱ्या शर्टातला एक उंच, वाळलेला माणूस हसत हात जोडून उभा. माझे हात जोडायचे राहून गेले. 

रिक्षात बसल्यावर मी कसंबसं विचारलं, सर, घशाचं काय? ते म्हणाले, धूळ ताई, सगळे रस्ते उकरून ठेवलेत. आणि पुढं म्हणाले, "माईक खराब हाय ना, मग वरडून बोलावं लागतं. वरडून वरडून घसा बसला." म्हणजे आम्ही दिलेलं निदान या माणसानं असं पक्कं धरलं होतं की घशाचा दोषही त्यानं माईकवरच ढकलला होता! मी एरवी फटकळ. दुकानात गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावते. पण त्या रिक्षात नाही. खरंच धूळ असेल, असं मनाला सांगत मी बाहेरच्या पाट्या वाचत बसले.

उस्मानपुऱ्यातलं त्यांचं घर दुमजली, नीटनेटकं. कमलवहिनींनी दारातच पाणी दिलं. बाई बोलायला कमी, पण बघणं धारदार. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी). सर भाकरी दुधात कुस्करून खात होते. येसर सोसत नाही आताशा, म्हणाले. वहिनींनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि वाटी उचलून आत गेल्या.

दुपारी केबलचा एक जोडतुकडा हवा होता म्हणून रफिकभाईंच्या दुकानात गेलो. ते जुने वायरलेस सेट खोलून विकतात. दुकान इतकं चिंचोळं की गिऱ्हाइकानं आत शिरलं की मालकाला बाहेर यावं लागतं. रफिकभाई म्हणजे दिलदार माणूस, बसायच्या आधीच नान-खलिया (तंदूरची जाड रोटी आणि मटणाचा पिवळसर रस्सा) मागवला. रस्सा असा जाळ की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याच्या शेजारची बाई. सर नुसती रोटी खाऊन हात धुवायला गेले तसे रफिकभाई हळूच म्हणाले, "बाजी (ताई), सर के तीनों माईक मैं खोल के देखा. कुछ खराबी नईं थी. मैं बोला भी. सर बोले, सब लोगां बोल रए ना, तो खराब हैच." मग खांदे उडवून म्हणाले की चौथा मागितला तर मी काय करू.

सब लोगां म्हणजे आम्ही. 

परत येऊन गच्चीवरच्या खोलीत कामाला बसले. हात चालू असले की डोकं चालत नाही, तेवढंच बरं. वापरलेल्या सेटचा एक नियम असतो, आधी वाचायचं, मग लिहायचं. म्हणजे सेटच्या पोटात जुन्या मालकानं काय भरलंय ते लॅपटॉपवर काढून घ्यायचं, सगळं पुसायचं आणि मगच आपले आकडे भरायचे. नाहीतर आपण कुण्या भलत्याच्याच लाइनीवर बोलत बसतो. केबलनं दगा दिला. लॅपटॉप तिला ओळखच देईना, मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी जुनं सॉफ्टवेअर टाकल्यावर तिनं एकदाचं तोंड उघडलं. पहिल्या सेटच्या पोटात कुण्या साखर कारखान्याची ऊसगाड्यांची जुनी लाइन निघाली, यार्ड, काटा, गव्हाण अशी नावं. पुसलं. दोन्ही सेट भरले, मधे छोटी जोडपेटी लावली, अँटेना पाण्याच्या टाकीशेजारच्या पाइपला बांधली. सर पोरासारखे माझ्या मागंपुढं करत होते. बटण दाबलं आणि रिपीटर बोलला तेव्हा त्यांनी टाळीच वाजवली.

मग त्यांनी मी आणलेला कोरा माईक लावून खोलीतल्या सेटवर हाक दिली, ती माझ्या हातातल्या छोट्या सेटवर रिपीटरमार्गे आली. सेट निराळे, माईक कोरा, सगळी यंत्रणा मी स्वतः तपासलेली. आवाज तोच. सरांचा चेहरा उतरला. माईक उलटा-सुलटा करून पाहत ते म्हणाले, "ह्यो बी तसलाच निघाला की ताई."

दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून वायर गुंडाळायला लागले. इतकी भित्री मी कधीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पल्ला तपासायचा होता. रिपीटर लावला की एकानं घरी बसायचं आणि दुसऱ्यानं छोटा सेट घेऊन लांब लांब जात हाक मारायची, अशी आमची रीत. हाक आली की समोरच्यानं खरा रिपोर्ट द्यायचा, कसं ऐकू येतंय, किती स्वच्छ. त्यात भीड ठेवायची नाही, कारण खोट्या रिपोर्टावर अँटेना सुधारत नाही. मी जालना रोडची काळी-पिवळी जीप धरली. चिकलठाण्याला झकास. शेंद्र्याला कारखान्यांच्या गर्दीत थोडी खरखर. शेजारची म्हातारी सारखी सेटकडं बघत होती, शेवटी तिनं विचारलं, पोलिसात हाव का बाई? मी नाही म्हटल्यावर ती निराश झाली.

करमाडला उतरले. रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा घेतला आणि मालकाला विचारून त्याच्या स्लॅबवर चढले. वर वाळत घातलेल्या मिरच्या, पाण्याची टाकी आणि रणरणतं ऊन. हाक दिली. सर लगेच आले, आणि सिग्नल इतका स्वच्छ की त्यांच्या गच्चीवरचं कावळ्याचं ओरडणंही कानावर पडलं. खुशीनं त्यांनी विचारलं, "ताई, रिपोर्ट सांगा. माझा आवाज कसा येतोय?"

कावळा स्वच्छ. पंख्याची घरघर स्वच्छ. फाटलेला होता तो एकटा माणसाचा आवाज. समोर त्यांचा चेहरा नव्हता म्हणून असेल, किंवा रिपोर्ट खोटा द्यायचा नाही ही सवय हाडात मुरलीय म्हणून असेल, पण बटण दाबलं आणि तोंडातून निघालं.

"सर, सेट चांगला आहे. माईक चांगला आहे. तुमचे सगळेच माईक चांगले होते. बिघाड तुमच्या घशात आहे. डॉक्टरला दाखवा, आजच्या आज. ओव्हर."

पलीकडून बटण दाबलं गेलं. नुसता पंखा ऐकू येत राहिला. मग तोही बंद झाला. मी मिरच्यांच्या मधोमध उभी. काय करून बसले मी, असं वाटलं. त्या भल्या माणसाचं स्वप्न काल पुरं झालं आणि आज मी त्याच्यावर धोंडा घातला.

तेवढ्यात सेट बोलला.

"ताई, मी कमल बोलायलेय."

वहिनी! त्याच माईकवरून, त्याच रिपीटरमधून. परवाना नसलेल्या माणसानं माईक हातात घेणं आमच्यात बसत नाही, एरवी मी टोकलंच असतं. आणि आवाज? खणखणीत. कानाशी बसून बोलावं तसा.  ज्या माईकला काल सरांनी मोडीत काढलं होतं, त्यातून त्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"मी दिवाळीपासून म्हणायलेय, दवाखान्यात चला. ह्ये म्हणतेत, समदे जाणते लोक म्हणतेत माईक खराब हाय, तुला रेडिओतलं काय कळतंय. मला नाय कळत. मग मी गप बसले. आता आयकलं त्यांनी माजा आवाज. तुमी या लवकर."

बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी किती तरी वेळ वाट पाहत राहिले.

उस्मानपुऱ्यात परतले तर सर इस्त्रीचा शर्ट घालून, चपला पायात, ओट्यावर बसलेले. मला पाहून ते उठले, रागावले नाहीत. घशाच्या डॉक्टरकडं आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण, हसतमुख होते. त्यांनी नळी घालून पाहिलं आणि त्यांचं हसणं थांबलं. स्वरतंतूवर गाठ आहे, म्हणाले, तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. घसा तीन आठवडे बसलेला राहिला तरी दाखवायचं असतं, तुम्ही इतके महिने काय करत होता?

सर खाली बघत होते. वहिनी खिडकीबाहेर. उत्तर मलाच द्यावं लागलं.

"आम्ही माईक बदलत होतो," मी म्हणाले.

डॉक्टरांना काही समजलं नाही. आणि मी समजावून तरी काय सांगणार? की आम्ही ऐकण्याचा छंद असलेली माणसं आहोत? की कोसांवरून आलेल्या खरखरीत कुठला कंडेन्सर गेलाय ते आम्हाला कळतं?

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. सर स्टँडवर आले. डॉक्टरांनी बोलायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून नुसता हात हलवत उभे राहिले. वहिनींनी येसराच्या पिठाची पुडी दिली. गाडी हलली आणि मला रडू फुटलं, शेजारच्या बाईनं न विचारता पाणी पुढं केलं. सबंध वाट मी एकाच गोष्टीवर अडकून होते. एक माणूस रोज संध्याकाळी आमच्या कानात आजारी पडत गेला. आम्ही सगळ्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं, त्यावर चर्चा केली, सल्ले दिले. आणि एकालाही, एकालाही वाटलं नाही की सेटच्या पलीकडं गळा असतो. मला अजून हे खरं वाटत नाही.

थोड्या दिवसांनी वहिनींचा फोन आला. कॅन्सरच निघाला. पण तंतूच्या बाहेर पसरलेला नाही, किरणांचे उपचार सुरू होतील, माणूस राहील असं डॉक्टर म्हणतात. आवाज पहिल्यासारखा होईल का, ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर स्वरयंत्रच काढावं लागलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. ते वाक्य वहिनींनी दोनदा उच्चारलं.

आल्यापासून मी सेट लावलाच नव्हता, त्या संध्याकाळी कट्ट्यावर बसले. अकोल्याचे काका आमच्यात वयानं सगळ्यांत मोठे. त्यांनीच पहिल्यांदा विचारलं, काय ताई, जाऊन आलात, सरांचा माईक दुरुस्त झाला का? मी सगळं सांगितलं. स्टँडपासून वहिनींच्या फोनपर्यंत, काहीही न लपवता. बोलून बटण सोडलं.

  नुसती खरखर.  

मग काकांनी बटण दाबलं. थोडं खोकले.

"ताई," ते म्हणाले, "माझा आवाज कसा येतोय? सेटचं विचारत नाही."