दानधर्माची नोंदवही

पोंभुर्ण्याच्या पुढे, आमच्या गावाला लागून मालगुजारांचा शिकारीचा बंगला आहे. मालगुजारी कधीचीच गेली, पण गावातली म्हातारी माणसं अजून त्या घरातल्या कुठल्याही टिनपाट पोराला 'मालक' म्हणतात. सध्याचे मालक नागपुरात राहतात. कोणत्याशा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांना एकाएकी आपलं घराणं आठवलं आणि त्यांनी वाघ बघायला येणाऱ्यांसाठी बंगल्यात खोल्या काढल्या. पाहुण्यांना वाघ दिसेलच याची खात्री नसते. मग निदान इतिहास तरी दाखवू, असा त्यांचा हिशेब.

मला त्यांचा फोन आला तो असा: "काय रे, तुला मोडी येतं म्हणे?"

मी साठी ओलांडलेला माणूस. चंद्रपूरच्या भूमी अभिलेख कार्यालयात उभी हयात नकला करण्यात गेली. मोडी मी तिथल्याच एका जुन्या कारकुनाकडून शिकलो, कारण दुसरं कोणी शिकायला तयार नव्हतं. 'रे' ऐकून फोन ठेवून द्यावा असं वाटलं. नाही ठेवला. "येतं, मालक," असं म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून गेला याची मला आजही चीड येते.

फोन न ठेवण्याचं कारण माझी मोठी बहीण होती. तिला आम्ही बाई म्हणतो. बाई विधवा, गावातच राहते आणि रानाच्या काठची दोन एकरांची बांधी कसते. आजा कसायचा, बाबा कसायचे, आता ती कसते. धानाचं ते एक शेत सोडलं तर तिच्याकडे काही नाही. पण वनखात्याच्या नकाशात ती बांधी जंगल आहे. तिनं वनहक्काचा दावा टाकला. आदिवासींना एक नियम, आम्हाला दुसरा: आम्ही बौद्ध, म्हणून तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा पुरावा आणा. पहिल्या वेळी दावा परत आला तो याच शेऱ्यासकट. गरिबाचं नाव त्या काळी लिहून ठेवणार कोण? मी रात्री बराच वेळ विचार केला तेव्हा एकच उत्तर सापडलं. ज्याला त्याच्याकडून काम करून घ्यायचं असेल, तो.

म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून बंगल्यावर गेलो.

अकरा पेट्या होत्या. मालकांनी आधीच कागदांच्या तीन राशी करून ठेवल्या होत्या. मोठा शिक्का असलेले कागद पहिल्या राशीत, इंग्रजीतले दुसऱ्या, आणि उरलेलं सगळं रद्दी. रद्दीतला थोडा भाग त्यांच्या स्वयंपाक्यानं चूल पेटवायला नेला होता हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मी तीन आठवडे रोज गेलो. चहा यायचा तो मला कागदी कपात आणि त्यांना चिनीमातीच्या. पाहुण्यांचे कप कमी पडतात म्हणे.

इंग्रजी राशीत त्यांच्या आजोबांनी जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाला लिहिलेले अर्ज होते. मी मोठ्या आशेनं उघडले. वाटलं, दुष्काळ असेल, तलावाची पाळ फुटली असेल. कसलं काय. दरबारात मालगुजारांना बसायला खुर्ची मिळावी, आणि ती मागच्या रांगेत नसावी, एवढाच अर्ज. त्याचे सात मसुदे. एकात 'नम्र सेवक', पुढच्यात 'अत्यंत नम्र सेवक', सातव्यात तर स्वतःला साहेबाच्या पायाची धूळ करून घेतलं होतं. ज्या माणसासमोर आमच्या गावानं चपला हातात घेऊन चालायचं, तो माणूस खुर्चीसाठी असा सरपटत होता. मला इतकं हसू आलं की मालकांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, भाषा फार भारी आहे. त्यांनी ते मसुदे चौकटीत बसवायला पाठवले.

भिंतीवर आजोबांचा फोटो होता, मेलेल्या वाघावर पाय ठेवलेला. मागे वाघ उठवायला हाका घालणारी माणसं उभी असणार, पण चौकट करताना ती कापली गेली होती. चार-दोन खांदे आणि एक हात तेवढा राहिला होता.

आणि दिवाणखान्याच्या मधोमध काचेच्या पेटीत एक मोडी वही होती. लाल कापडाची बांधणी. खाली पितळी पाटी: 'दानधर्माची नोंदवही'. गावातल्या प्रत्येक घराचं नाव त्यात आहे, नावापुढे कुठे उभी रेघ, कुठे अर्धी. मालक पाहुण्यांना सांगायचे, "पूर्ण रेघ म्हणजे पायलीभर धान्य, अर्धी म्हणजे अर्धी पायली. आमच्या आजोबांनी गाव पोसलं." पुण्याच्या बायका फोटो काढून घ्यायच्या. हे त्यांना कोणी सांगितलं? त्यांच्या वडिलांनी. वडिलांना मोडी येत होतं? नाही. पण घरात लाल कापडात बांधलेली वही आहे, तीत गावाची नावं आहेत, म्हणजे आपण त्यांना काहीतरी दिलंच असणार. घेतलं असेल ही शंका त्या घरात तीन पिढ्यांत कुणाला शिवली नाही.

एका दुपारी पाहुणे रानात गेले असताना मी पेटी उघडून मागितली. पहिल्याच पानावर मथळा होता: वेठ. फुकट राबायला कोणाची पाळी, कुठल्या कामाला, आला की नाही. पूर्ण रेघ म्हणजे पूर्ण दिवस.

मी पानं उलटत गेलो. आजाचं नाव सापडलं. पुढे लिहिलं होतं: 'रानकाठचे आपले बांधीत धुरे घालीत असता उठवून आणिला.' आपले बांधीत. धुरे म्हणजे शेताचे बांध. बांधी त्याची होती, रानाच्या काठी होती, आणि हे लिहिणारा मालगुजारांचा कारकून होता. सनावरून हिशेब केला तर पंचाहत्तर वर्षं कधीच ओलांडली होती. चंद्रपूरच्या कुठल्याही कचेरीत याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

मग चार पानांनंतर पुन्हा: 'ताप, सबब बायको आणविली. हाक्यास. वाटेस प्रसूत जाली. मुलगा. सबब अर्धा.'

तो मुलगा म्हणजे आमचे बाबा. बाबा पळसाखाली जन्मले हे आम्हाला माहीत होतं. आजी ते हसून सांगायची, मोहफुलं वेचायला गेले होते आणि तिथंच झाला म्हणून. आम्हीही हसायचो. मोहफुलांचा काही संबंध नव्हता. पोटुशी असलेल्या आजीला वाघ उठवायला रानात घातली होती, ती बाळंत झाली, आणि कारकुनानं अर्धा दिवस कापला. मी वही मिटली आणि बाहेर जाऊन हातपंपावर तोंड धुतलं.

मालकांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी वही त्याच दिवशी नागपूरला नेली असती. मी काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणालो, आमच्या आजाचं नाव वहीत आहे, बहिणीच्या दाव्याला उपयोग होईल. त्यांची छाती फुगली ती बघण्यासारखी होती.

"लिहून देतो ना. तीन पिढ्या आमच्या घरचं खाल्लंय तुमच्या लोकांनी. त्याहून मोठा पुरावा कोणता?"

बोधचिन्ह छापलेल्या कागदावर त्यांनी पत्र मला सांगून लिहवून घेतलं. सदर कुटुंब आमच्या दानधर्मावर तीन पिढ्या या गावी वास्तव्यास असून, वगैरे. मी ते वळणदार अक्षरात लिहिलं. मग मी खूण केलेल्या पानांच्या झेरॉक्स त्यांनी आणवल्या आणि प्रत्येक पानावर, एक अक्षर न वाचता, 'सत्यप्रत' लिहून सही ठोकली. शिक्काही मारला. आपल्या घरच्या कागदात आपल्याविरुद्ध काही असू शकतं हे ज्याच्या डोक्यात येत नाही, तोच अशी सही करू शकतो. ग्रामसभेत देण्यासाठी ते कागद त्यांनी स्वतः सचिवाकडे नेले. मी मागे पिशवी धरून होतो.

बाईला मी एवढंच सांगितलं की कागद मिळाला. आजीचं सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझा बेत पक्का होता. दानधर्म तर दानधर्म. बांधी मिळू दे, आजा कुठे वाचायला येतोय? जन्मभर 'खरी नक्कल' असा शेरा मारून पगार घेतलेल्या माणसाचा हा बेत.

ग्रामसभेला मालक आले. सरपंचानं हार घातला. म्हातारे उठून उभे राहिले, मीही राहिलो. बाईच्या दाव्याचा विषय निघाला तसे मालक स्वतःच म्हणाले, "मास्तर, वाचून दाखवा ना ती पानं. नव्या पिढीलाही कळू द्या." एव्हाना मी 'रे'चा 'मास्तर' झालो होतो.

मी कागद हातात घेतले. दोन वाक्यं तयार होती: अमक्याला पायली, तमक्याला अर्धी. तेवढं म्हटलं की ठराव झाला असता. खरं वाचलं तर हा माणूस पत्र मागे घेणार आणि बाईची बांधी जाणार. बायकांच्या रांगेत बाई पुढेच बसली होती. तिनं विचारलं, "का लिहून हाये, बापा? आज्याचं नाव हाये का?"

"हाये."

"मंग वाच ना. काऊन थांबला?"

मी वाचलं. मथळ्यापासून. वेठ म्हणालो तेव्हा मागचे दोघं-तिघं म्हातारे पुढे सरकले. बांधीची ओळ वाचली. मग आजीची ओळ आली. ती सोडून देता आली असती, दाव्याला तिची गरज नव्हती. पण बाई माझ्याकडेच बघत होती आणि मला वगळणं जमेना. 'सबब अर्धा' वाचून मी थांबलो.

मालक म्हणाले, "तुम्ही चुकीचं वाचताय."

"मग तुम्ही वाचा," मी म्हणालो, आणि कागद पुढे केला. उभ्या आयुष्यात मला एवढा आनंद क्वचित झाला असेल. ते कागदाकडे बघत राहिले; उलटा धरलाय की सुलटा हेही त्यांना कळत नव्हतं.

मग ते सचिवाला म्हणाले, पत्र आणि पानं परत द्या. आमचा सचिव भित्रा माणूस, कुणालाही नाही म्हणायला घाबरतो. पण कचेरीचा नियम मोडायला तो त्याहून जास्त घाबरतो. "आवक नंबर पडला, साहेब. आता परत नाई देता येत." एवढं बोलून त्यानं नोंदबुकावर कोपर ठेवलं. मालक हार गळ्यात तसाच ठेवून गाडीत बसले. इकडे लोक माझ्याभोवती जमले, आमच्या आज्याचं पाह्य, आमच्या घरचं पाह्य म्हणून. त्या चार-पाच पानांत आणखी तिघांच्या बांध्या निघाल्या.

बंगल्यातली काचेची पेटी आता रिकामी नाही. तीत मालकांनी आजीसाहेबांचे चहाचे कप ठेवले आहेत. वहीचं काय झालं, मला माहीत नाही. मला पुन्हा बोलावणं आलं नाही आणि तीन आठवड्यांच्या कामाचा साधा धन्यवादही नाही.

वनहक्काचा पट्टा यायला वर्ष लागलं. मीच तालुक्याहून घेऊन बाईच्या बांधीवर गेलो. ती धानाच्या रोवणीत होती. चिखलाचे हात पदराला पुसून तिनं कागद धरला, आपलं नाव कुठे आहे ते विचारून त्यावर बोट टेकवलं, आणि परत मला दिला. भिजेल म्हणून. मग धुऱ्यावर बसली.

"एक विचारू का? आजीचा अर्धा दिवस मोजला म्हणे त्याहीनं. मंग बाकीचा अर्धा सोडला का?"

वर्षभर तिनं हे पोटात ठेवलं होतं. मीही ठेवलं होतं. झेरॉक्ससाठी खुणा करताना त्याच्या पुढचं पान मी मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, आणि सभेत ते नसल्याचा मला आधार वाटला होता.

"नाई सोडला," मी म्हणालो. "पाचव्या दिवशी पुन्हा नाव हाये. बंगल्यावर जळणाच्या मोळ्या. अर्धा."

"पोर कोणापाशी होतं?"

"ते नाई लिहिलं," मी म्हणालो. ती उठली, चिखलात उतरली आणि रोवायला लागली.