किडनीचा दुसरा फोटो

सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पेशंटला पाणी पाजायचं आणि लघवी लागेपर्यंत बसवून ठेवायचं, हा आमचा धंदा. नुसतं बसवलं की माणूस बोलतो. आणि आमच्या धाराशिवचा माणूस तर शेजारच्याच्या वाटणीचंही बोलतो!

मी बी.एस्सी. झाले आणि इथं चिकटले. दार जोरात लागलं तरी दचकणारी मी, पण एका प्रकारच्या पेशंटपुढं माझी भीती जाते आणि नुसता संताप उरतो. किडनीला मार लागलेले, ऑपरेशनशिवाय बरे झालेले, आणि दुसऱ्या फोटोला, म्हणजे पुन्हा सोनोग्राफीला, न येणारे!

थोडा मुका मार असेल तर पुन्हा फोटो लागतही नाही. पण चीर खोल असेल तर आत रक्ताचा फुगा धरू शकतो, लघवी झिरपून साठू शकते, आणि वरून काही कळत नाही. फुगा फुटला की मात्र धावाधाव. आमचे सर, म्हणजे सेंटरचे डॉक्टर, हे रोज सांगतात. रोज!

*

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे एक काका. बैलानं कमरेत लाथ घातलेली, किडनी फाटलेली, दवाखान्यात नुसतं झोपवून बरी केलेली. लेकानं दुसऱ्या फोटोला ओढून आणलं, तर काउंटरपुढंच सदरा वर केला.

"दाव की पोरी, टाका कुठं हाय? टाकाच न्हाय तर जखम कसली?"

मी दोन पावलं मागं. सर बाहेर आले. "काका, घरातली भिंत आतून चिरली तर अंगणातून दिसते का?"

काकांनी विचार केला. "न्हाय दिसत. पण आमी घरात ऱ्हातो की! चिरली तर कळंलच!"

सरांनी आतल्या टेबलाकडं बोट दाखवलं. काकांनी फोटो काढून दिला, पण उपकार केल्यासारखा!

*

आता अश्विनी. तेरजवळच्या खेड्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. स्कूटी घसरली आणि हँडल डाव्या कुशीत घुसलं. किडनीला खोल चीर. सोलापूरच्या डॉक्टरांनी पोट न फाडता सांभाळली आणि घरी सोडताना बजावलं, धाराशिवला फोटो काढा, चुकवू नका.

ठरल्या दिवशी तिची आई तिला घेऊन आमच्या पायरीपर्यंत आली. आत बाकावर त्यांच्या गावातली एक बाई दिसली. आईनं पोरीचा दंड धरला आणि तशीच मागं फिरली!

मी चपला न घालताच मागं धावले. "अहो मावशी, नंबर तुमचाच आहे!"

"हळू बोल गं बाई! स्थळ आलंय तिला. पसंती झालीय, सुपारी फोडायची राहिलीय. बिनलग्नाची पोरगी सोनोग्राफीत दिसली तर लोक काय म्हणतील?"

"किडनीला मार लागलाय म्हणतील!"

"किडनी कुणाला दिसती व्हय?"

अश्विनी माझ्याकडं बघत होती, एक हात कुशीवर. रिक्षा गेली आणि मी अनवाणी रस्त्यात.

*

दुसरे एक शहाणे तेरहून मोटरसायकलवर आले. ट्रिपल सीट! पेशंट मधला. दवाखान्यानं आराम सांगितलेला, गाडीवर बसू नका म्हणून सांगितलेलं. त्या रस्त्यावर धडधाकट माणसाचीही किडनी जागेवर राहायची नाही.

मी ओरडलेच, "आराम सांगितला होता ना?"

पुढचा म्हणाला, "आरामच चाललाय मॅडम. चालवतोय मी, धरलंय मागच्यानं. ह्याला काय काम दिलंय का आमी?"

*

अश्विनीचे वडील एका दुपारी एकटेच आले. टोपी हातात, आवाज खाली. मला वाटलं, चला, अक्कल आली.

"सर, ती मशीन गाडीत बसंल का? आमी जीप आणतो. घरीच काढा फोटू."

"पोरगी जीपमध्ये बसत नाही का?" सरांनी विचारलं.

"बसती की. पण पोरगी आली तर लोक बघत्यात. मशीनला कोण बघतंय?"

"सरकार बघतं! गर्भलिंगाच्या कायद्यात मशीन असं गावोगाव नेलं तर आधी मशीनला सील, मग मला!"

वडील टोपी घालून निघाले. सर मागून म्हणाले, "पोटात दुखलं, लघवी लाल झाली, चक्कर आली, तर माझ्याकडंसुद्धा थांबू नका. थेट सोलापूर!"

वडिलांनी मान हलवली. पण ती मान पाहुण्यांना 'चहा घेऊन जावा' म्हणताना हलवतात ना, तशी!

*

हा ऐकाच. दुसऱ्या फोटोला बोलावलेला पेशंट आलाच नाही, त्याचा भाऊ आला. बिनधास्त टेबलावर झोपला, जेलही लावून घेतलं. सर पडद्याकडं बघून म्हणाले, "कमाल आहे! चिरेची खूणसुद्धा नाही!"

"कशी असंल सर? मार थोरल्याला लागलाय. त्यो सोयाबीनच्या राशीवर हाय. म्हनला, तू रिकामाच हायस, तूच काढून ये."

"अरे, मग त्याची औषधं कोण घेतंय?"

"दोघं बी. त्याला लई कडू लागत्यात, म्हणून अर्धी मी घेतो!"

*

न राहवून मी अश्विनीच्या घरी फोन लावला. आईनं उचलला. मागं कपबशा वाजत होत्या.

"मावशी, सेंटरमधून बोलतेय. अश्विनीला कधी आणताय?"

"हां हां, फॉल-पिको झालं का? येते की न्यायला."

"अहो मावशी, सेंटर! तिला दुखतंय का?"

"व्हय व्हय, जरा धागा सुटलाय. पाहुणे बसल्यात, मग बोलते."

"लघवी लाल होतेय का?" माझा आवाज फाटला.

 मग आई म्हणाली, "परवा जरा लाल होती. आता पिवळीच हाय. ऱ्हाऊ द्या तशीच."

फोन कट! मी धावतच सरांकडं गेले. भीतीनं की रागानं, मलाच कळेना. सरांनी लगेच वडिलांना फोन लावला. लागला नाही.

*

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सेंटर खचाखच भरलेलं असताना, दार धाडकन उघडलं. पुढं एक ठसठशीत बाई, मागं अश्विनी, तिच्यामागं तोंडाला पदर लावलेली तिची आई आणि सगळ्यांत शेवटी इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा.

बाई काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, "मुलाची आई मी. पोरीच्या किडनीचं आमच्या कानावर आलंय. आधी फोटू दावा, मगच सुपारी!"

बाजारात गाईचे दात बघतात तसं! माझ्या तोंडात आलेलं मी कसंबसं गिळलं, कारण कशासाठी का होईना, पोरगी टेबलापर्यंत आली होती. पांढरीफटक पडलेली. तिला सगळ्यांच्या आधी आत घेतलं.

सरांनी रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉपलर लावला. पडद्यावर लाल-निळं भिरभिरत होतं. सर तीच जागा पुन्हा पुन्हा बघत होते, आणि सर असं करायला लागले की मला धडकी भरते.

"फुगा धरलाय. अजून फुटलेला नाही. सोलापूरला रक्तवाहिनीतून बारीक तार घालून तो बंद करतील, पोट फाडावं लागणार नाही. अँब्युलन्स बोलवा!"

मी धावत जाऊन फोन केला. परत आले तर तिला अलगद स्ट्रेचरवर घेतलेलं. आई तिचे पाय धरून रडत होती. आणि मुलाची आई सरांना विचारत होती, "किडनी ऱ्हाईल ना पण? आमाला काय ते सपष्ट सांगा. पोराच्या जन्माचा सवाल हाय."

"आत्ता तिच्या जिवाचा सवाल आहे!" सर ओरडले. सर ओरडतात हे मला तोवर माहीतच नव्हतं.

तेवढ्यात स्ट्रेचरवरून अश्विनीचा आवाज आला. बारीक, पण खणखणीत.

"सर, टेबल मोकळं झालंय ना? मग यांच्या मुलाच्याबी दोन्ही किडन्या बघून घ्या. सुपारीचं मी नंतर सांगते."

मुलाची आई "अगं ए" म्हणून पुढं झाली. मुलानं आधी आईकडं बघितलं, मग अश्विनीकडं. मग खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि मला विचारलं,

"मॅडम, डोकं कुठल्या बाजूला करू?"