समोरच्या काकांचा अख्खा कप

वाट कशी बघायची हे पुरतं कळलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहतो. बाकी आपण सगळे वाट बघत नाही, नुसते वैतागतो. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत वैतागायला निमित्तही कमी पडत नाही, कारण नळाला पाणी कधी येईल हे पाणी सोडणाऱ्या लाइनमनलासुद्धा छातीठोक सांगता येत नाही. चार दिवसांनी येईल म्हणतात, आठवड्यानं येतं. सकाळी येईल म्हणतात, भरदुपारी आपण ताटावर बसलेलो असताना येतं. अशा गल्लीत समोरचे काका दारापुढं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात आणि घरी वऱ्हाड यायचं असल्यासारखे स्वच्छ सदरा घालून पाण्याची वाट बघत बसतात. खुर्च्या मुद्दाम चार-पाच असतात. "थांबलेल्या मानसाला एकटं सोडू नाय," असं ते म्हणतात, आणि मग जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून बसवतात. भाजीवाल्याची गाडी तिथं इतका वेळ उभी राहते की त्याची मेथी सुकून जाते.

ही विद्या त्यांनी बसस्टँडवर कमावली. सगळी नोकरी त्यांनी चौकशीच्या खिडकीत काढली. खिडकीबाहेरून दिवसभर एकच प्रश्न यायचा, गाडी कधी येणार, आणि काकांचं उत्तरही एकच असायचं, "येईल." माहीत नाही असं ते कधी म्हणाले नाहीत आणि खोटी वेळही कधी सांगितली नाही. "येईल" म्हणून झालं की लगेच विचारायचे, कुठं निघालात, लेकीकडं का, बाळंतीण सुखरूप आहे ना. गाडी लागेपर्यंत त्या माणसाचं निम्मं गणगोत त्यांना पाठ झालेलं असायचं. या गप्पांच्या नादात कित्येकांच्या गाड्या चुकल्या असं काकू सांगतात. काकांना ते मान्य नाही.

निवृत्त झाले तेव्हा खिडकी तिथंच राहिली, पण ध्वनिक्षेपकावरचा आवाज ते घरी घेऊन आले. नळातून पहिली फुसफुस ऐकू आली की ते गल्लीच्या मधोमध उभे राहतात आणि एरवी 'लई' नि 'नाय' बोलणाऱ्या त्याच तोंडानं शुद्ध पुस्तकी मराठीत पुकारतात, "रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जायकवाडीहून येणारे पाणी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. हंडे व कळश्या घेऊन तयार राहावे." फलाट क्रमांक तीन म्हणजे आमचं घर. माझ्या सासूबाईंना आधी हा सगळा पोरकटपणा वाटायचा. हल्ली पुकारा झाल्याशिवाय त्या मला मोटर चालू करू देत नाहीत.

पाण्याचा दिवस हा त्या घरातला सण. त्या दिवशी भांडी घासायला हात आखडावा लागत नाही, म्हणून काकू त्याच दिवशी कुणालातरी जेवायला बोलावतात. बुद्धपौर्णिमेची खीर सोडली तर त्यांच्या घरची सगळी जेवणावळ नळाच्या मर्जीवर चालते. आम्हाला एकदा सकाळी निरोप आला की आज जेवायला या, पाणी येणार आहे. पाणी आलं चौथ्या दिवशी, आणि आम्ही जेवायला गेलो तेही चौथ्या दिवशी. तोवर काका रोज हसतमुखानं सांगत होते, "जेवन रद्द नाय, उशिरा धावू राहिलं." पाणी आलं की ते आधी गल्लीतल्या कडुलिंबाला पाइप लावायचे, मग कुत्र्यांची कुंडी भरायचे, मग ज्यांच्याकडं मोटर नाही अशा मागच्या गल्लीतल्या बायकांच्या घागरी. स्वतःच्या घरची टाकी सगळ्यात शेवटी. त्यावरून काकू दर वेळी भांडायच्या आणि भांडता भांडता घागरी उचलू लागायच्या.

आणि एवढा पाण्याचा कारभार बघणाऱ्या माणसाला स्वतःला पोटभर पाणी प्यायची मुभा नव्हती. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिस, आणि दिवसभरात सगळं मिळून एक तांब्या. सकाळी काकू तो तांब्या भरून फळीवर ठेवायच्या. चहा प्यायला तर तेवढं पाणी तांब्यातून ओतून टाकायचं, वरण-ताक घेतलं तर तेवढं कमी करायचं. दुसरा एखादा या हिशेबानं चिडचिडा झाला असता. काका उलट पाण्याचे दर्दी झाले. एक घोट तोंडात घोळवून सांगायचे की हे टँकरचं, हे बोअरचं, हे नळाचं पण टाकीत राहून शिळं झालेलं. डायलिसिसच्या वॉर्डातही त्यांनी आपला स्टँड उघडला होता. एखाद्याचं मशीन सुटलं की पलंगावरून पुकारा व्हायचा, "फलाट क्रमांक दोनवरून खुलताबाद रवाना होत आहे." हे खुलताबाद म्हणजे त्या गावाहून येणारे एक दुकानदार. पहिल्या दिवशी त्यांना रडू आवरेना, तेव्हा काकांनी पलीकडच्या पलंगावरून मोकळा हात त्यांच्या हातावर ठेवला नि म्हणाले, "गाडी कुठवर जाईल ते बघायचं नाय भाऊ. पुढच्या थांब्यावर च्या भेटतो का, तेवढं बघायचं. तोबी आपल्याला अर्धाच हाय." दुकानदार रडता रडता हसले, असं काकू सांगतात.

या चहाचीच खरी गंमत आहे. दुसऱ्याच्या घरी चहा घ्यायचा म्हणजे आपल्या तांब्यातलं पाणी जाणार, हे पक्कं असूनही काकांनी लोकांकडं जाणं सोडलं नाही. फक्त त्यांनी माप ठरवून घेतलं. ज्या घरी सगळं सुरळीत चाललंय तिथं दोन घोट. कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाची नोकरी डळमळीत झाली, तर तिथं अर्धा कप. आणि जिथं खरोखर आभाळ कोसळलंय, तिथं अख्खा कप. "दुख्खात असलेल्या मानसाच्या घरी कप अर्धा ठिवला तर त्याला वाटतं हा उठायच्या घाईत हाय," असा त्यांचा युक्तिवाद. हळूहळू हे माप गल्लीला कळलं, आणि काका कुणाकडं किती चहा प्यायले यावरून लोक एकमेकांच्या घरातलं ओळखू लागले. कोपऱ्यावरच्या बाईंना मात्र याचा पत्ता नव्हता. त्यांनी नव्या घराच्या वास्तुशांतीला मसाल्याचा खास चहा केला, आणि काकांनी दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. बाई फुरंगटून बसल्या. शेवटी काकू समजूत घालायला गेल्या, "आवो, दोन घोट म्हंजी तुमचं लई बेस चाललंय. ज्या दिवशी सगळा पितील ना, त्या दिवशी घाबरा."

माझी आई गेली तेव्हा मी माहेरचं सगळं उरकून घरी परतले होते. मला कुणाशी बोलायची इच्छा नव्हती. काका आले, बसले. मी सवयीनं चहा केला. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, मग विचारलं, "आई भाकरी चुलीवर करायच्या का गॅसवर?" मी तासभर आईबद्दल बोलत राहिले. दोन दिवसांनी काकूंकडून कळलं की त्या दिवशी तांब्या आधीच रिकामा झाला होता, आणि पुढच्या डायलिसिसला अंगात पाणी साठून वजन वाढलेलं दिसलं म्हणून काकांनी डॉक्टरांची बोलणी खाल्ली. ते जास्तीचं पाणी काढताना पायात गोळे येऊन कळवळलेसुद्धा. मला फार वाईट वाटलं. एवढं कुणी माझ्यासाठी करावं असं मी काही केलं नव्हतं.

काकूंनी आपली एक किडनी द्यायची ठरवली होती. तपासण्या झाल्या, जुळली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर नको, हृदयावर ताण येतोय. पण काका हटून बसले. इतर कुठल्याही गोष्टीला 'येईल, होईल' म्हणणारा हा माणूस याला मात्र ठाम 'नाय' म्हणायचा. "दोन गाड्यांचा डेपो हाय आमचा. एक बंद पडली म्हनून दुसरीचं चाक काढायचं व्हय? उद्या दोन्ही उभ्या राहिल्या तर?" लोक हसायचे, पण काका घाबरले होते. स्वतःच्या मरणाला ते भीत नव्हते. काकूंना टेबलावर घेतील आणि त्या उठणारच नाहीत, या भीतीनं त्यांना झोप लागत नव्हती.

काकूंनी वर्षभर ऐकून घेतलं. मग ऐन मे महिन्यात एका सकाळी त्यांनी तांब्या भरला आणि माझ्यादेखत सांगितलं, "आजवर माझ्या हातचं इतकं खाल्लं, कदी नाय म्हनलं नाय. आता देऊ राहिले तर नाय म्हंता? मग आजपासून मीबी ह्याच तांब्यातलं पिनार. येगळं पानी घेनार नाय." आम्हाला वाटलं, रागाचं बोलणं आहे, दुपारपर्यंत निवळेल. निवळलं नाही. काकूंना उरावं म्हणून काका पीत नव्हते, काकांना उरावं म्हणून काकू पीत नव्हत्या, आणि संध्याकाळी बघावं तर तांब्या अर्धा भरलेला आणि दोघांचे ओठ वाळलेले. दुसऱ्या दिवशीही तेच. गल्लीतल्या बायका विनवून आल्या, सासूबाई माठातलं पाणी घेऊन गेल्या आणि तसंच परत घेऊन आल्या.

तिसऱ्या दुपारी काका आमच्या दारात आले. ऊन मी म्हणत होतं. खुर्चीवर बसत म्हणाले, "ताई, च्या टाका. अख्खा कप."

मी आधी आत जाऊन झोपलेल्या सासूबाईंचा श्वास नीट चाललाय ना ते बघून आले. मग ह्यांना ऑफिसात फोन केला, ते ठीक होते. बाहेर येऊन म्हटलं, "काका, आमच्याकडं सगळं बरं आहे."

"तुमच्याकडं हाय. माझ्याकडं नाय," काका म्हणाले. त्यांचा तो ध्वनिक्षेपकाचा आवाज पार बसला होता. "मला नगं. तिला नेऊन द्या. तुमच्या हातचा नाय म्हननार नाय ती. आन् सांगा, ती म्हनंल तसं करू."

मी कप घेऊन समोर गेले, निरोप सांगितला. काकूंनी उभ्यानंच अख्खा चहा संपवला, कप माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "साखर कमी पडली," आणि मग पदरात तोंड घालून रडल्या.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांच्या घराला कुलूप होतं. कुणी ठरवलं नव्हतं, पण सकाळी गल्लीतल्या लोकांनी आपापल्या खुर्च्या आणून त्या बंद दारापुढं मांडल्या. मीही बसले. एरवी उंबऱ्याबाहेर न बसणाऱ्या सासूबाई काठी टेकत आल्या आणि कडुलिंबाच्या सावलीत बसल्या. काका-काकूंची लेक दवाखान्यात होती, तिचा फोन यायचा होता. दुपार झाली तरी येईना. कोपऱ्यावरच्या बाई सारख्या विचारत होत्या, फोन कधी येईल हो. सासूबाई म्हणाल्या, "येईल." फोन उन्हं उतरल्यावर आला. दोघंही शुद्धीवर आली होती.

घरी आल्यावर डॉक्टरांचा हुकूम नेमका उलटा झाला. आता काकांनी भरपूर पाणी प्यायचं, उकळून गार केलेलं, जितकं जाईल तितकं. आणि नेमकं त्याच आठवड्यात नळाला पाणी नाही. काकू अंथरुणावर, लेक एकटी. मग प्रत्येक घरातून उकळलेलं पाणी जाऊ लागलं. सासूबाईंनी देवघरातला तांब्याचा गडू काढला, घासून लख्ख केला आणि रोज तो भरून पाठवला. या गडूला मला लग्नानंतर कित्येक वर्षं हात लावायची परवानगी नव्हती. भेटायला कुणी जायचं नव्हतं, म्हणून काका तोंडाला मास्क लावून खिडकीत उभे राहायचे. ती चौकशीची खिडकी जणू परत मिळाली होती. "रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनचे पाणी आताच प्राशन करण्यात आले आहे." बाहेर आम्ही हसायचो आणि डोळे पुसायचो. पुढं बरं वाटल्यावर त्यांनी एक तक्रारही केली. म्हणाले, घोटात जी चव लागायची ती ग्लासात लागत नाही.

बाहेर पडायची मुभा मिळाल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडं आले. मी कौतुकानं मोठ्या कपात काठोकाठ चहा दिला. इकडचं तिकडचं बोलता बोलता त्यांनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. मला वाटलं, विसरले. म्हटलं, "काका, आता बंदी नाही. घ्या की सगळा."

"बंदी नाय," काका म्हणाले, "पन तुमचं सगळं बरं चाललंय ना?"

"हो, बरं चाललंय."

"मग झालं की." ते उठले, चपला शोधू लागले. ही किडनी किती वर्षं साथ देईल ते डॉक्टर सांगत नाहीत. काकांना विचारलं तर म्हणतात, चालंल. बाहेर कुणीतरी त्यांना हटकलं, पाणी कधी येणार म्हणून, आणि त्यांचं ते ठरलेलं उत्तर मला आतपर्यंत ऐकू आलं. माझ्यासमोर तो जवळजवळ भरलेला कप होता. मला वाटलं, या माणसानं आमच्याकडं कायम असाच चहा ठेवून उठून जावं. मग मी तो कप उचलला आणि दारात उभी राहून, ते पलीकडं पोचेपर्यंत, उरलेला सगळा चहा पिऊन टाकला.