टेबलावर दोनदा टकटक

एका खऱ्या रोग्याला मी सोंग करणारा समजलो, त्याच्या तोंडावर हसलो, आणि नंतर तो आलाच नव्हता असं सांगितलं. पहिली चूक अजाणता झाली. खोटं मात्र मी समजून उमजून बोललो.

साठच्या दशकातली गोष्ट. वाचेच्या आणि श्रवणाच्या दोषांवरचे उपचार शिकायला मी बेळगावहून बेंगळुरूला आलो होतो. वर्गात मराठी बोलणारा मी एकटा. शिवाजीनगरात एका घराच्या गच्चीवर खोली घेतली होती. रविवारी हॉटेलात कॉफी मागायची, तेवढंच दिवसभराचं बोलणं.

खऱ्या रोग्यांसमोर बसवण्याआधी आमचा सराव एकमेकांवर चाले. कोणी कानात कापूस कोंबून बहिरा होई, कोणी मुद्दाम अडखळत बोले. "याचं बहिरेपण फार सोयीचं आहे," धारवाडचा एक सोबती माझ्याबद्दल म्हणायचा, "कॉफीचं विचारलं की लगेच ऐकू येतं!" नियम एकच होता. तपासणाऱ्याने टेबलावर दोनदा टकटक केली की सोंग थांबवायचं. त्याआधी काही झालं तरी नाही.

वर्षअखेरीच्या परीक्षेला सरांनी हौशी नाटकमंडळींतली माणसं बोलावली. माझ्यासाठी राजाजीनगरचे एक मराठी गृहस्थ येणार होते. अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेलेला रोगी ते करणार होते. "तपासा, नोंद लिहा आणि मला आणून दाखवा," सर म्हणाले.

चारच्या सुमारास शिपायाने पन्नाशीच्या एका गृहस्थांना खोलीत आणून सोडलं. जुना कोट, काळी टोपी, उजवा हात डाव्या हातात धरलेला. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. सरावात आम्हीही खोट्या चिठ्ठ्या करत असू. मी ती न वाचता बाजूला ठेवली.

"नाव काय आपलं?"

"उद्या."

"राहता कुठे?"

"उद्या... उद्या."

मी किल्ली दाखवली, पेन दाखवलं. प्रत्येक वेळी ते ओठांची जुळवाजुळव करत, कपाळावर घाम येई, आणि शेवटी तोच शब्द बाहेर पडे. काय सुरेख काम करतो हा माणूस, असं मला वाटत राहिलं. नोंद पुरी झाली आणि मी टेबलावर दोनदा टकटक केली.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग डाव्या हाताने त्यांनीही दोनदा टकटक केली आणि बरोबर जमलं ना, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

मी हसलो. "काका, पुरे आता. झकास केलंत. पण जरा ताणलंत हं, एवढं 'उद्या उद्या' कोणी करत नाही."

"उद्या!" ते जोरात म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो, संपलं नाटक!"

ते उठले, टोपी सारखी केली आणि पाय ओढत निघून गेले. त्या पाय ओढण्याचंसुद्धा मला कौतुक वाटलं.

दहा मिनिटांनी दारात एक हसतमुख गृहस्थ उभे राहिले. "माफ करा हं, बस चुकली. मी तुमचा पेशंट!"

मग मी चिठ्ठी वाचली. इस्पितळातल्या डॉक्टरांची होती. तीन आठवड्यांपूर्वी झटका, मातृभाषा मराठी, धंदा शिवणकामाचा. दुकान शिवाजीनगरातच, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून. धावत गेलो असतो तर ते फाटकापाशी सापडले असते. पण परीक्षा राहिली असती. मी चिठ्ठी खिशात घातली आणि नटाला तपासायला बसवलं. पास झालो.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "एक शिंपी यायचे होते. चुकून तुझ्याकडे आले होते का?"

"नाही सर."

गेलेली वाचा परत येते ती बहुधा पहिल्या काही महिन्यांत, हे मी त्याच वर्गात शिकलो होतो. ते सगळे महिने मी त्यांचं दुकान टाळून लांबच्या गल्लीने घरी जात राहिलो. वर्गातल्या हसण्याखिदळण्यातूनही हळूहळू बाजूला झालो. चिठ्ठी ट्रंकेत तळाशी होती.

चार वर्षांनी मी तिथेच शिकवू लागलो. टकटकीचा नियम सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारलं, "पण सर, समोरचा माणूस खरोखरच रोगी असला तर?" त्याच संध्याकाळी चिठ्ठी घेऊन मी दुकानात गेलो.

मशीनवर त्यांची बायको होती. ते स्टुलावर बसून डाव्या हाताने बटणं निवडत होते.

"माप द्यायचंय का अण्णा? आठवडा लागेल, आत्ताच सांगते."

"उद्या," ते आतून म्हणाले.

"ऐका! जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगितलं, नेमकं तेच राहिलं तोंडात."

मी तिला सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"त्या दिवशी येऊन जेवले नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, काही होणार नाही म्हणून सांगितलं असेल. परत पाठवलंच नाही मी. यांना सांगता तरी येतंय का?" मग तिने सुताचा दोरा तोडला. "मला काय सांगता? त्यांना सांगा. समजतं सगळं."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. बटणं निवडणारा हात थांबला होता.

"काका, तुम्ही माझ्याकडे आला होतात. तुमचं बोलणं मी सोंग समजलो आणि हसलो. चूक कळली तरी तुमच्यामागे आलो नाही. तुम्ही आलाच नाहीत, असं सरांना खोटं सांगितलं. मला माफ करा."